मशीनवरचे चार तास आणि उरलेला आठवडा

अण्णांना आमच्या सेंटरमध्ये घ्यावं की नाही, यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमचं ज्येष्ठांचं शुश्रूषा केंद्र आहे आणि मी तिथली इन्चार्ज सिस्टर. पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर, स्मृतिभ्रंश, बेडसोअर हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं सांभाळत आलो होतो. पण डायलिसिसचा पेशंट म्हटलं की संचालकांपासून मावशींपर्यंत सगळेच मागे सरायचे. ‘रात्री काही झालं तर?’ हा सगळ्यांचा प्रश्न. अण्णांचा मुलगा आमच्याकडे आला तो आधी बऱ्याच ठिकाणी नकार ऐकून. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, वय ७४, आई गेलेली, मुलगा-सून दोघंही नोकरीला, आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. मी हो म्हणाले, पण एक अट घातली. अण्णा इकडे राहायला येण्याआधी मला त्यांच्या डायलिसिस युनिटमध्ये एक अख्खी पाळी बसून बघायचं होतं.

त्या सकाळी मी अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि टेक्निशियनला प्रश्न विचारत राहिले. हातातल्या फिस्टुलात (सुयांसाठी तयार केलेल्या शिरेत) दोन सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून फिरतं आणि त्यातल्या पडद्याच्या पलीकडून मिनिटाला साधारण ५०० मिली द्रावण वाहत असतं. म्हणजे चार तासांत १२० लिटर. मूत्रपिंडं रात्रंदिवस जे काम करत असतात, त्यातलं जमेल तेवढं या चार तासांत उरकायचं. म्हणून तर माणूस खुर्चीतून उठतो तो पिळून निघालेला.

मशीन लावण्याआधी टेक्निशियनने वजन केलं, ड्राय वेटशी, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाशी ताडून पाहिलं आणि विचारलं, “खाणंपिणं कसं होतं? सकाळची बीपीची गोळी घेतली का? कुठे पडले-बिडले नाहीत ना?” पलीकडच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांना घेऊन आलेली मुलगी ब्युरोकडून आदल्या रात्रीच कामाला लागलेली, तिला यातलं काहीच सांगता येईना. आमचं काम कुठे आहे ते मला तिथे दिसलं. आठवड्याचे तास १६८, त्यातले १२ मशीनवर. उरलेल्या १५६ तासांत पेशंट काय खातो, किती पितो, कोणती गोळी चुकवतो, हे युनिटला कळत नाही. त्या चार तासांत काय झालं, हे राहत्या जागी कळत नाही. दोन्हीकडची माणसं आपापलं काम चोख करतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून पहिल्यांदा एक जाड पुठ्ठ्याची वही केली. डावं पान आमचं: रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर केलेलं वजन, बीपी, साखर, दिवसभराची लघवी, ताप, नवीन सुरू झालेली गोळी, पडणं-अडखळणं. उजवं पान युनिटचं: आधीचं आणि नंतरचं वजन, किती पाणी काढलं, मध्येच बीपी उतरलं का, कोणतं इंजेक्शन दिलं. सुरुवातीला ते पान कोरंच यायचं. तिथली एक-एक सिस्टर किती मशीन सांभाळते हे मी पाहिलं होतं, त्यामुळे मला राग आला नाही. मी फोन करून विचारायचे आणि स्वतः लिहायचे. मग एकदा आमच्या डाव्या पानाचा त्यांना उपयोग झाला. अण्णांचं वजन काट्यावर जसंच्या तसं होतं, पण बीपी चढत चाललं होतं आणि मावशींनी सांगितलं की पायजम्याची नाडी दोन बोटं आत घ्यावी लागते आहे. मांस कमी झालं होतं आणि त्याची जागा पाण्याने भरली होती. डॉक्टरांनी वही पाहिली, ड्राय वेट खाली आणलं, पुढच्या काही पाळ्यांत बीपी जागेवर आलं. तेव्हापासून उजवं पान भरून येऊ लागलं. ‘आज बीपी ८० पर्यंत गेलं होतं, संध्याकाळी एकटं उभं करू नका’ अशी ओळ त्यात आली की मला बरं वाटायचं.

हाताचं तंत्र मावशींना लवकर जमलं. फिस्टुला म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडलेली असते. ती नीला फुगून सुया सोसण्याइतकी तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्यावर बोटं ठेवली की खाली सतत थरथर जाणवते. ही थरथर म्हणजे थ्रिल. ती रोज सकाळ-संध्याकाळ तपासायची. थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता ताबडतोब युनिटला फोन. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, घड्याळ किंवा घट्ट बाही नाही, त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही. आमच्याकडे रात्रपाळीची माणसं सतत बदलतात, म्हणून खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘डावा हात – बीपी नाही, सुई नाही’. आणि समजा सुईच्या जागेतून रक्त आलंच, तर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही. टॉवेल रक्त पितो, थांबवत नाही. गॉजची घडी, दोन बोटं, नेमक्या जागेवर दाब आणि दहा-पंधरा मिनिटं उचलून बघायचं नाही. हे मी सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलं. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी साध्या जखमेतूनही रक्त लवकर थांबत नाही.

पाण्याचा हिशोब मात्र फार जड गेला. अण्णांची लघवी दिवसाला जेमतेम ३०० मिली. त्यात डॉक्टरांनी सांगितलेले ५०० मिळवायचे, म्हणजे चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट सगळं धरून दिवसाचं ८०० मिली. पुण्यातल्या एप्रिलमध्ये! सकाळी एका बाटलीत तेवढं पाणी मोजून ठेवायचो. अण्णांनी चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून टाकायचं, म्हणजे उरलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं. त्यांच्यातल्या मेकॅनिकला ही पद्धत एकदम पटली. ते स्वतःच बाटलीवर पेनाने रेघा ओढायला लागले. बर्फाचा खडा चघळणं, लिंबाची फोड जिभेवर फिरवणं, चूळ भरून थुंकणं, हेही होतंच. पण खरी किल्ली मिठात होती. पानातलं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ बंद झालं तेव्हा तहान आपोआप उतरली. पाणी तोडत राहायचं आणि मीठ तसंच ठेवायचं, हा तर छळ आहे. कोणी तरी घरून ‘लो सोडियम’ मिठाची पुडी आणून दिली होती. ती मी तशीच परत पाठवली, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तात ते साठून हृदयच बंद पाडू शकतं.

आता स्वयंपाकघर. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा वर्ज्य, दर एकादशीला उपवास. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात, पण सुरू झाल्यावर गणित उलटतं. मशीनमधून प्रथिनांचे घटकही वाहून जातात, म्हणून किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. अंड्यातला पांढरा भाग हा सगळ्यात सोपा उपाय, तोच बंद. डाळ वाढवावी तर तिच्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस, दूध वाढवावं तर फॉस्फरस आणि पाणी दोन्ही. आहारतज्ज्ञ बाईंनी रोजच्या पानातलं वरण मोजून दिलं, थोडं घरचं पनीर बसवलं आणि मूत्रपिंडाच्या पेशंटसाठी मिळणारी प्रथिनांची पावडर कणकेत मिसळायला सांगितली. स्वयंपाकाच्या ताईंनी भाज्यांची पद्धतच बदलली. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी फेकून द्यायचं आणि मग फोडणी. इतकी वर्षं ‘भाजीचं पाणी फेकू नका, सत्त्व जातं’ हे ऐकत आलेल्या ताईंच्या हाताला ते आधी वळेना. मीच सिंकपाशी उभी राहायचे. दुधी, दोडका, कोबी, तोंडली यांच्यावर भर. पालक, बटाटा, टोमॅटो फार क्वचित आणि उकळून. सफरचंदाची फोड, पपईचा लहान तुकडा चालतो. केळं, मोसंबीचा रस, खजूर नाही.

पहिली एकादशी आली तेव्हा मी उपवासाचं पान समोर ठेवून बसले आणि धक्काच बसला. रताळं, बटाटा, शेंगदाणे, केळी, खजूर: अण्णांना जे जे नको ते सगळं एका ताटात. अण्णांना ‘उपवास सोडा’ म्हणण्याची माझी हिंमत नव्हती आणि तसं म्हणावं असंही मला वाटत नव्हतं. पन्नासेक वर्षांचं व्रत होतं ते. निर्जळी किंवा नुसतं उपाशी राहणंही चालणार नव्हतं, कारण या पेशंटमध्ये लांबलेल्या उपासानेही रक्तातलं पोटॅशियम वर चढू शकतं. मग वरईचा भात आणि कूट न घातलेली, जिऱ्याच्या फोडणीची साबुदाण्याची खिचडी असं ठरलं. अण्णांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. “सिस्टर, ही खिचडी आजारी आहे,” म्हणाले. पण उपवास टिकला, आणि त्या शनिवारच्या रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम मर्यादेत होतं.

जिथे आमचं सगळं ठरवलेलं कोलमडलं ते बाहेरून आलेल्या प्रेमामुळे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि शहाळं तर हमखास. अण्णांची पाळी मंगळ, गुरू, शनि. म्हणजे शनिवारनंतर थेट मंगळवार, हा सगळ्यात लांब खंड. आठवड्यातला हाच काळ या पेशंटना सर्वांत धोक्याचा असतो, हे मोठमोठ्या अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. आणि नातेवाइक येतात रविवारी. एका सोमवारी रात्री अण्णांना आडवं झोपवेना. उशा लावून बसवलं तरी धाप थांबेना, पाय गळून गेल्यासारखे झाले, नाडी मंद लागत होती. वही काढली, वजन एका दिवसात नको तेवढं वर. खाटेखाली शहाळ्याच्या रिकाम्या करवंट्या सापडल्या. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि पाणी तर ते आहेच. ऑक्सिजन लावून मध्यरात्रीच ॲम्ब्युलन्सने हलवलं, तातडीने डायलिसिस झालं, वाचले. वाकडी वाट करून गावाहून आलेल्या त्या पुतण्याला मी काय बोलणार? त्याने काकांवरच्या मायेनेच आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दारातच एक फलक लावला, काय आणू नये याचा नाही, काय आणावं याचा: कुरमुरे, सफरचंद, मऊ सुती रुमाल, वाचायला मासिक. मनाई वाचून लोक ओशाळतात, सुचवलेलं मात्र आनंदाने आणतात.

औषधांबद्दल एवढंच सांगते की वयस्क डायलिसिस पेशंटला रोजच्या ओळखीच्या गोळ्याही वेगळ्या वागतात. इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जुना डोस तसाच दिला तर पहाटे साखर धोकादायक खाली जाते. गुडघे दुखले म्हणून दिलेली साधी वेदनाशामक गोळी उरलीसुरली लघवीही घालवू शकते. मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन किंवा स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन साठत जातं आणि माणूस बरळायला लागतो. घरचे म्हणतात, ‘म्हातारपण आलं’. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाच्या मधोमध द्यायच्या, नंतर दिल्या तर व्यर्थ. बद्धकोष्ठाला इसबगोल नको, त्याला पाणी फार लागतं. म्हणून आमच्याकडे कुठल्याही डॉक्टरांनी काहीही नवीन लिहिलं तरी पहिला डोस देण्याआधी युनिटच्या डॉक्टरांना विचारायचं, असा नियमच केला. फॅमिली डॉक्टर एकदा नाराज झाले, पण नियम बदलला नाही.

डायलिसिसचा दिवस पहाटे सुरू होतो. अंघोळ आधीच उरकायची, बीपीची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मागे ठेवायची, पोटभर पण हलकी न्याहारी, बरोबर शाल, कारण बाहेर फिरून आलेल्या रक्ताने थंडी वाजते. परत आल्यावर थेट व्हीलचेअरने खाटेपर्यंत. उठवताना आधी काठावर पाय सोडून बसवायचं, मग उभं करायचं. त्या संध्याकाळी संडासला एकटं सोडायचं नाही, ही माझी सक्त ताकीद. गणपतीत आणि पालखीच्या दिवसांत वेगळीच तयारी. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पेठांतले रस्ते बंद असतात, आणि युनिट नेमकं त्या बाजूला. त्यामुळे पाळ्या आधीच सरकवून घ्याव्या लागतात. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या आठवड्याची पाळी अण्णा स्वतः महिनाभर आधी विचारायला लागायचे. एका वर्षी तारीख अशी जुळली की मुलाने त्यांना व्हीलचेअरवरून दर्शनाला नेलं. शंभर मिली पाण्याचं माप बरोबर घेऊन.

माईंबद्दल लिहायला मला वेळ लागला. अण्णांचं बरं चाललं आहे हे ऐकून आणखी कुटुंबं आली, त्यांत माई. वय ८३, जुना मधुमेह, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, विसरभोळेपणा सुरू झालेला. हाताच्या शिरा बारीक, म्हणून मानेतून परमकॅथ, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी (कॅथेटर). तिची तर आम्हाला फारच धास्ती. भिजू द्यायची नाही, युनिटबाहेर कुणी टोपणाला हात लावायचा नाही, थंडी वाजून ताप आला तर तो मलेरिया की काय असा विचार न करता आधी कॅथेटरचा संसर्ग धरायचा. हे सगळं आम्ही पाळलं. तरी माई सुधारल्या नाहीत. पाळीच्या दिवशी बीपी उतरायचं, दुसरा दिवस झोपेत जायचा, तिसऱ्या दिवशी डोळे उघडून दोन शब्द बोलेपर्यंत पुन्हा गाडी दारात.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या आणि डायलिसिस सुरू झालेल्या ३७०२ वृद्धांचा एक अभ्यास २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. वर्षभरात त्यांतले ५८ टक्के वारले होते आणि डायलिसिसपूर्वी स्वतःचं जेवढं स्वतः करत होते तेवढं करू शकणारे फक्त १३ टक्के उरले होते. माईंच्या डॉक्टरांनी हे आकडे त्यांच्या मुलीला सांगितले तेव्हा मी शेजारी होते. मला वाटतं, हे आकडे कुटुंबांना सुरुवातीलाच, कॅथेटर बसवण्याआधी सांगायला हवेत. डायलिसिस करू नये म्हणून नव्हे. अण्णा आमच्यासमोर हिंडते-फिरते आहेतच. पण ८३ वर्षांच्या, खाटेला खिळलेल्या बाईसाठी ‘दोन-तीन महिने करून बघू, उपयोग दिसला तर पुढे’ असा करार आधी झाला, तर नंतर थांबताना मुलांना आपण आईला सोडून दिलं असं वाटत नाही.

माई मात्र स्वच्छ बोलायच्या. शुद्धीच्या वेळेत, वेगवेगळ्या दिवशी, डॉक्टरांना, मुलीला आणि मला त्यांनी एकच सांगितलं: “मला आता त्या मशीनला नाही जायचं गं.” परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर रडला, भांडला, मग आला. आल्यावर एक अख्खी पाळी त्याने माईंजवळ बसून काढली. बाहेर आला आणि म्हणाला, “बास.” डॉक्टरांनी सगळं लेखी नोंदवलं, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या डॉक्टर सेंटरवर येऊ लागल्या. डायलिसिस थांबल्यावर साधारण आठवडा-दहा दिवस असतात, लघवी होत असेल तर थोडे अधिक. या दिवसांतही काम असतं, आणि ते कमी नसतं. धाप लागली तर काय द्यायचं ते आधीच ठरलेलं हवं. मॉर्फिनचे अंश मूत्रपिंडाशिवाय बाहेर पडत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी फेंटानिल निवडलं. अंगाची खाज कमी व्हावी म्हणून दोन वेळा तेल, तोंड ओलसर ठेवणं, कुशी बदलणं. पथ्य मात्र सगळं उठवलं. माईंनी कैरीचं लोणचं आणि दहीभात मागितला आणि चवीने खाल्ला. त्या गेल्या तेव्हा दोन्ही मुलं जवळ होती, धाप नव्हती.

त्यानंतर नवीन पेशंट दाखल करताना मी हा विषय स्वतःहून काढते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी उपचार कधी थांबवायचे याचं इच्छापत्र आधी करून ठेवण्याची मुभा मान्य केली. २४ जानेवारी २०२३ ला ती पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, “माझं लिहून घ्या. चालतंय तोवर चालवा, पण मी माणसं ओळखेनासा झालो की थांबा.” मुलाने सही करताना मान खाली घातली होती, पण केली.

आता पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या एक काकू यायच्या आहेत. त्यांना युनिटला न्यावं लागणार नाही. दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटर द्रावण पोटात भरायचं आणि काढायचं, ते आम्हालाच करायचं आहे. त्यासाठी दार बंद राहील अशी एक खोली, कोपराने उघडता येणारा नळ आणि पिशवी अडकवायला स्टँड, एवढं झालं आहे. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की पोटात संसर्ग, त्याच तासाला फोन. म्हणून मावशींना मी पिशवीमागे छापील कागद धरून अक्षरं वाचता येतात का ते बघायला शिकवते आहे. पंखा बंद, मास्क वर, हात पूर्ण वाळेपर्यंत टोपणाला स्पर्श नाही. दोघींचं पक्कं झालं आहे. रात्रपाळीच्या मामांचं झालं की काकूंच्या मुलीला तारीख कळवणार आहे.